फेस थांबेपर्यंत

१

गोकुळ गेल्याला आठ दिवस झाले होते, आणि पडेगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बाप आणि धाकटी लेक एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

गोकुळ म्हणजे सोनियाचा नवरा. वाळूजच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात तो बॉयलरवर कामाला होता, आणि त्याला तिथं लावून देणारा, हाताला धरून काम शिकवणारा माणूस म्हणजे त्याचा सासरा बन्सी हिवराळे. मागच्या मंगळवारी दुपारी तीन वाजता बन्सीनं पाळी संपवून बॉयलर जावयाच्या ताब्यात दिला. गेटजवळच्या नळावर तो हात धूत होता तेवढ्यात मागं धडाका झाला. बॉयलरची एक नळी फुटली होती आणि वाफेचा लोट सरळ गोकुळच्या अंगावर आला होता. घाटी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

नळी का फुटली, हे दोन दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालं. त्याच्या आधीच्या शनिवारी बॉयलर ॲसिडनं धुतला होता. बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांत आतून क्षारांची खपली धरते, ती वर्षातून एकदा पातळ ॲसिड फिरवून काढतात. पाच तासांचं काम. बन्सीनं ॲसिड नऊ तास ठेवलं. ॲसिडनं खपली खाल्ली आणि मग लोखंड खाल्लं. नळी कागदासारखी पातळ झाली होती.

बन्सीनं ते नाकारलंही नव्हतं.

आठव्या दिवशी, बुधवारी दुपारी, कारखान्याचे मेंटेनन्स मॅनेजर राजेंद्र घरी आले आणि टाइप केलेला एक कागद त्यांनी बन्सीपुढं ठेवला. ‘ॲसिड ठरलेल्या वेळेपेक्षा चार तास जास्त ठेवले, ही माझी चूक आहे.’ खाली सहीची जागा.

“येत्या शनिवारी तीन वाजता बाहेरचे चौकशी अधिकारी येणार आहेत,” राजेंद्र म्हणाले. “त्याआधी सही झाली तर पुढचं सोपं जाईल. तुमच्यासाठीच सांगतोय, बन्सीभाऊ.”

बन्सीनं पेनाला हात घातला.

“थांबा, बाबा.”

थोरली लेक रत्नमाला दारात उभी होती. छावणीजवळच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बारा वर्षं ॲसिडच्या बाटल्या हाताळून तिच्या बोटांची कातडी खरबरीत झाली होती. आठ दिवसांपासून सुट्टी टाकून ती माहेरी राहिली होती. कागद तिनं दोनदा वाचला.

“बाबा, ॲसिडात औषध घातलं होतं ना?”

“घातलं म्हंजे? चार कॅन काढलेते, तीन ओतले. माझ्या हातानं.”

औषध म्हणजे इनहिबिटर. गडद तपकिरी रंगाचं सेंद्रिय रसायन. त्याचे रेणू लोखंडाच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि एक पातळ पांघरूण तयार करतात. ॲसिड क्षार विरघळवतं, पण पांघरुणाखालच्या लोखंडाला हात लावत नाही. म्हणून तर ॲसिडनं बॉयलर धुता येतो.

रत्नमालानं कागद राजेंद्रना परत दिला. “साहेब, औषध असेल तर नऊ तासच काय, दिवसभर ठेवलं तरी नळी एवढी झिजत नाही. मग नळी खाल्ली कशानं?”

२

राजेंद्र कागद तिथंच ठेवून गेले. रत्नमालाच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, तो उचलून फळीवर डब्याखाली दाबला आणि डोळ्याला पदर लावत चुलीकडं वळल्या.

रत्नमाला बापासमोर बसली. “बाबा, एकतीस वर्षं बॉयलरवर काढली तुम्ही. पाच तासांचं काम तुम्हाला ठाऊक होतं. मग नऊ तास का?”

“फेस थांबंना.”

“कसला फेस?”

“ॲसिड फिरतंय ना, तवा वरच्या पायपातून हवा येती. टाकीत फेस येतो. क्षार विरघळायलाय त्याची खूण. क्षार संपलं की फेस बसतो. मग ॲसिड काढायचं. सायेबानं तेच सांगितलतं, फेस थांबेपर्यंत काढू नको.” बन्सी बोलता बोलता स्वतःच्या तळहाताकडं बघत होता. “सकाळी फेस आला, मग कमी झाला. म्हनलं, झालं. दुपारी वाफ सोडून ॲसिड गरम केलं आन् पुन्हा उसळला. पाच वाजले, सहा वाजले, सात. थांबंचना. म्हनलं, लई खपली हाय यंदा. अर्धवट सोडलं तर उद्या गोकुळच्या पाळीत त्रास व्हईल.”

त्यानं मान भिंतीला टेकवली. “त्याच्यासाठीच ठिवलं म्या.”

“औषधाचा वास नेहमीसारखा होता? सडक्या माशासारखा येतो ना त्याला?”

“मला कुठला वास, माय? कोरोनापासून नाक मेलंय माझं.”

संध्याकाळी पाचच्या सुमाराला अभय आला. कारखान्याचा केमिस्ट, अठ्ठावीस वर्षांचा, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढं वाकावं लागे. चार वर्षांपूर्वी एम.एस्सी. करताना तो रत्नमालाच्याच प्रयोगशाळेत तास न् तास बसायचा. लोखंडाच्या पट्ट्या ॲसिडात टांगून वजन करायचा. आता नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होता. अपघात झाल्यापासून रोज येत होता. आजही मोसंब्यांची पिशवी घेऊन आला आणि ती त्यानं फळीवर ठेवली. बोटं गोरी, पण नखांच्या कडा काळ्या-निळ्या, शाईचं पेन फुटल्यासारख्या.

“अभय, त्या दिवशी ॲसिड तूच तपासलंस ना?”

“सकाळी दोनदा, ताई. दोन्ही वेळा उत्तम होतं. ॲसिडात लोखंड जवळपास नव्हतंच. मग मला विद्यापीठात जावं लागलं. एकला निघालो.”

“म्हणजे औषध काम करत होतं.”

“हो.” तो खाली बघत होता. “काकांनी ओतलंच होतं. पण नळी अठरा वर्षांची, आधीच झिजलेली. त्यात नऊ तास. ताई, जे झालं ते झालं. काकांना आता चौकशीत उभं करून छळू नका. सही झाली तर ते सुटतील तरी.”

तो गेल्यावर आतल्या खोलीचा पडदा सरकला. आठ दिवसांत पहिल्यांदा सोनिया दारात आली होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले.

“ताई, तू बाबाला सोडवायला निघालीस,” ती म्हणाली. “सोडव. पन उद्या कळलं की बाबानंच मारला माझा माणूस, तर ते मला येऊन सांगशील का? का तेवढं लपवशील?”

 आठ दिवस रत्नमालाच्या मनातही हीच भीती होती.

३

गुरुवारी ती वाळूजला गेली. कारखाना बंद होता. बॉयलर हाउसला पिवळी पट्टी बांधलेली. गेटबाहेर लिंबाखाली साळूबाई एकटीच बसली होती. वीस वर्षं ती कारखान्यात झाडलोट करायची, आणि धुऊन काढलेलं ॲसिड मागच्या खड्ड्यात आलं की त्यात चुना टाकून ते मारायचं कामही तिचंच.

“जयभीम, ताई. बन्सीभाऊ खातात का काई?”

“नाही, मावशी.” रत्नमाला तिच्या शेजारी टेकली. “त्या शनिवारचं ॲसिड तुम्हीच मारलं ना? काही वेगळं दिसलं?”

साळूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. “कोनाला सांगू, कोन ऐकतंय? दरसाल चुना टाकला की खड्ड्यात हिरवट गाळ बसतो, दुसऱ्या दिवशी विटकरी व्हतो. आवंदा चुना टाकला आन् सगळा खड्डा काळा. शाईवानी. माझ्या लुगड्यावर उडालं, ते धुतलं तरी जाईना.” तिनं पदराचं टोक दाखवलं. निळसर काळे ठिपके होते. “म्या राजेंद्र सायबाला सांगितलं. ते म्हनले, घाण असंल.”

रत्नमालानं ते टोक बोटांत धरून बराच वेळ पाहिलं. विरघळलेल्या लोखंडात चुना टाकला की हिरवं आणि मग तांबूस होतं, हे शाळेतल्या पोरालाही करून दाखवता येतं. काळं कधी होत नाही.

राजेंद्र ऑफिसात होते. त्यांची दाढी वाढलेली होती. त्यांनाही झोप नसावी.

“मॅडम, मला तुमच्या वडिलांचं वाईट व्हावं असं वाटत नाही. पण मी मालाची ऑर्डर पाहिलीय, वाहतुकीची बिल्टी पाहिलीय. औषध नेहमीच्याच कंपनीचं होतं. मी नियमानं चालणारा माणूस आहे. आमचा केमिस्टसुद्धा झाडपाल्याचं काहीतरी वापरून बघा म्हणून मागं लागला होता, दोनदा अर्ज दिला, दोनदा परत केला. बॉयलर म्हणजे प्रयोगाची जागा नाही.”

“कॅन कुठं होते आदल्या दिवशी?”

“रसायनांच्या खोलीत. कुलूप असतं. किल्ल्या तीन. एक माझी, एक अभयची, एक स्टोअरकीपर कृष्णाची.”

“बाबांनी चार कॅन काढले, तीन वापरले. चौथा?”

राजेंद्रनी रजिस्टर उघडलं. शनिवारी संध्याकाळी चौथा कॅन स्टोअरला परत, अशी नोंद होती. ते तिला घेऊन खोलीत गेले. रॅकवर कॅन नव्हता. राजेंद्रनी कृष्णाला फोन लावला. फोन बंद.

“कृष्णा कुठाय?”

“अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून रजेवर,” राजेंद्र सावकाश म्हणाले. “मला वाटलं, घाबरलाय.”

दोघं रिकाम्या जागेकडं बघत उभे राहिले. धुळीत कॅनच्या बुडाचा चौकोन स्पष्ट दिसत होता.

४

कृष्णाचं गाव फर्दापूर. शुक्रवारी सकाळी सातच्या बसनं रत्नमाला निघाली. अजिंठ्याची लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्या जिथं थांबतात तिथं कृष्णाच्या भावाची चहाची टपरी होती. टपरीमागं कृष्णा कपबशा विसळत होता. तिला पाहताच त्याच्या हातातली बशी निसटून फुटली.

“मी चोर नाय, ताई.”

“मी चोर म्हणाले नाही. कॅन कुठंय?”

तो खाली बसला. चाळिशीचा, अंगानं धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा रडायला लागला. मग त्यानं सांगितलं ते असं. शनिवारी चौथा कॅन परत आला तेव्हा त्याचं झाकण बंद होतं, पण झाकणावरचं सील ओलं करून काढून पुन्हा चिकटवलेलं त्याला दिसलं. कुणीतरी आतला माल काढला, हे त्याला कळलं. सोमवारी सांगू म्हणून त्यानं ते मागं ठेवलं. सोमवारी धीर झाला नाही. मंगळवारी नळी फुटली.

“स्टोअर माझं. किल्ली माझ्याकडं. माल बदलला म्हनलं की पहिला हात माझ्या गचांडीला. म्हनून कॅन घिऊन पळालो. नदीत ओतनार व्हतो.” त्यानं नाक पुसलं. “नाय ओतला. गोकुळ माझ्याबरबर डबा खायचा, ताई.”

तो झोपडीत गेला आणि पोत्याखालून निळा कॅन घेऊन आला. रत्नमालानं झाकण उघडून वास घेतला.

सडक्या माशाचा वास नव्हता. ओल्या सालींचा, तुरट, कडवट वास होता.

“कृष्णा, खोलीत आणखी कोण गेलं होतं?”

“मला ठाव नाय. लेकरांची शपथ. त्या शुक्रवारी मी दुपारीच निघालतो. किल्ल्या आनखी दोघांकडं हायेत.”

“उद्या तीन वाजता हे सगळं चौकशीत सांगशील?”

कृष्णा फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करत राहिला. मग म्हणाला, “यीन.”

५

दुपारी दोनला ती कॉलेजात पोचली. येताना शहरातल्या रसायनांच्या दुकानातून कारखान्यात येतं त्याच कंपनीच्या औषधाची सीलबंद बाटली तिनं घेतली. विभागप्रमुखांची परवानगी काढली आणि प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं.

तीन चंचुपात्रं. तिन्हींत बॉयलरसाठी वापरतात तेवढंच पातळ ॲसिड. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात दुकानातलं औषध. तिसऱ्यात फर्दापूरच्या कॅनमधलं. प्रत्येकात घासून वजन केलेली लोखंडाची पट्टी टांगली आणि ती वाट बघत बसली.

पहिल्या पात्रात बुडबुडे सुरू झाले. दुसऱ्यात शांतता.

तिसऱ्यातही शांतता.

तासाभरानं पट्ट्या काढून, धुऊन, वाळवून तिनं वजन केलं. पहिली पट्टी झिजली होती. दुसरी जशीच्या तशी. तिसरीही जवळपास जशीच्या तशी.

रत्नमाला स्टुलावर बसून राहिली. म्हणजे कॅनमध्ये काहीही असो, ते काम करत होतं. लोखंड वाचवत होतं. मग नळी खाल्ली ती बाबांच्या चार तासांनीच. सोनियाला आता काय सांगायचं? घरी जायचं, डब्याखालचा कागद काढायचा आणि बापाच्या हातात पेन द्यायचं? तिनं डोळे मिटले. तिला पडद्याआडून येणारा सोनियाचा आवाज ऐकू आला आणि भिंतीला टेकलेली बापाची मान दिसली. बापाचे शब्द तिनं पुन्हा पहिल्यापासून आठवले. सकाळी फेस कमी झाला होता. मग तो पुन्हा उसळला. कधी?

दुपारी. वाफ सोडून ॲसिड गरम केल्यावर.

ती ताडकन उठली. तिन्ही पात्रं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली, नव्या पट्ट्या टांगल्या, थर्मामीटर लावला आणि बर्नर पेटवला.

पस्तीस अंश. दोन्ही औषधांची पात्रं शांत. चाळीस. शांत. अठ्ठेचाळीसला तिसऱ्या पात्रातल्या पट्टीच्या कडेला एक बुडबुडा आला. मग दुसरा. पंचावन्नला ओळ लागली. साठला ते पात्र फसफसत होतं, फेस काठापर्यंत आला होता. दुसऱ्या पात्रात, दुकानातल्या औषधात, अजूनही पट्टी निवांत लटकत होती.

तिनं त्या फेसावर परीक्षानळी उपडी धरली, तिच्या तोंडाशी जळती काडी नेली. पट्‌ असा आवाज होऊन ज्योत पेटली.

क्षार विरघळताना निघणारा वायू काडी विझवतो. हा पेटला होता. हा हायड्रोजन होता, आणि तो क्षारांतून नाही, लोखंडातून येत होता. बापानं जो फेस थांबायची वाट पाहिली तो थांबणारच नव्हता. नळीत लोखंड शिल्लक होतं तोवर तो येतच राहिला असता.

शेवटी तिनं तिसऱ्या पात्रातलं ॲसिड थोडं वेगळं काढलं, त्यात चिमूटभर सोडा टाकून ढवळलं. बघता बघता ते काळं-निळं झालं. अस्सल शाई.

फळांच्या साली, हिरडा, बाभळीची साल, असल्या तुरट गोष्टींतल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की शाई होते. ॲसिड असेपर्यंत ती लपून राहते. ॲसिड मारलं की उघडी पडते.

आता प्रश्न एकच उरला होता, आणि त्याचं उत्तर तिला नको होतं. तिन्ही किल्ल्या तिच्या डोळ्यांपुढं होत्या. माल विकून खाणाऱ्यानं कॅनमध्ये काय भरलं असतं? पाणी. फार तर गुळाचं पाणी. पण हे ज्यानं भरलं, त्यानं ते थंड ॲसिडात लोखंड वाचवेल एवढं नीट करून भरलं होतं. ज्यानं हे भरलं, त्याची इच्छा होती की ते चालावं.

तिला नखांच्या काळ्या-निळ्या कडा आठवल्या.

६

शनिवारी सकाळी दहाला तिनं अभयला प्रयोगशाळेत बोलावलं. तो आला आणि दारातच थबकला. टेबलावर गरम पाण्याचं भांडं होतं, त्यात दोन पात्रं. एक शांत, एक फसफसणारं. शेजारी निळा कॅन.

 अभय हळूहळू जवळ आला. फसफसणाऱ्या पात्राकडं तो असा बघत राहिला की ते त्यानं आधीही पाहिलं आहे, हे तिला विचारावंच लागलं नाही.

“कसल्या साली?” तिनं विचारलं.

“डाळिंबाच्या. छावणीतला ज्यूसवाला पोतं भरून ठेवायचा माझ्यासाठी.” त्याचा आवाज जेमतेम येत होता. “ताई, मी चार वर्षं घातली त्यात. बाजारातलं औषध विषारी आहे. काकांच्यासारखी माणसं ते हातानं ओततात. माझं निर्धोक होतं. राजेंद्र साहेब बघायलाच तयार नव्हते. मला वाटलं, एकदा चालवून दाखवलं, आकडे हातात आले, की मग सांगीन. बॉयलर धुवायच्या आदल्या संध्याकाळी चारही कॅन बदलले.”

“ॲसिड गरम करतात हे तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग?”

“चाळीस अंशांपर्यंत तपासलं होतं. चौऱ्याण्णव टक्के संरक्षण येत होतं. पुढंही आलेखाची रेघ तशीच जाईल असं धरलं.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “त्या शनिवारी सकाळचे दोन्ही आकडे इतके छान आले, ताई. मला राहवेना. गाइडना दाखवायला विद्यापीठात पळालो. थांबलो असतो तर तिसऱ्या वेळेलाच कळलं असतं.”

“तुला कधी कळलं?”

त्यानं कॅनचं झाकण उगाच फिरवलं.

“अभय, कधी कळलं?”

“गोकुळ गेला त्याच दिवशी. घरी येऊन गरम करून पाहिलं.”

रत्नमालानं बर्नर बंद केला. “आज अकरावा दिवस आहे. अकरा दिवस एक माणूस स्वतःला जावयाचा खुनी समजून भिंतीला टेकून बसलाय. तू रोज आलास. रोज त्याला बघितलंस. मोसंबी घेऊन आलास. आणि मला म्हणालास, सही करू द्या, सुटतील.”

अभय मटकन खाली बसला. “रोज सांगायलाच यायचो. उंबऱ्यापर्यंत शब्द असायचे. आत काकांचा चेहरा दिसला की...” त्यानं मान हलवली. “मला काही मागायचा हक्क नाही. पण मी नसतं सांगितलं तर तुम्ही काय केलं असतं?”

“तू अजून सांगितलेलंच नाहीस,” रत्नमाला म्हणाली. “ते मी शोधून काढलंय. तीन वाजता सांगायचंय. तुझ्या तोंडानं. मी ही पात्रं घेऊन येते.”

७

तीनला पाच कमी असताना कृष्णा कारखान्याच्या ऑफिसात आला. त्याच्यामागून साळूबाई आली, ठिपक्यांचं लुगडं पिशवीत घालून. तीन वाजून गेले. अभयचा पत्ता नव्हता. चौकशी अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. राजेंद्रनी रत्नमालाकडं पाहिलं. ती टेबलावर पात्रं मांडत राहिली. काचा एकमेकींवर वाजत होत्या.

सव्वातीनला तो आला. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. एकही वाक्य त्यानं स्वतःच्या बाजूचं घातलं नाही. सांगून झाल्यावर खिशातून स्वतःच्या वहीची पानं काढून ठेवली. शेवटच्या पानावर त्या मंगळवारची तारीख होती आणि खाली एकच ओळ, ‘साठ अंशांना संरक्षण नाही’. अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि पोलिसांना फोन लावायला सांगितलं. राजेंद्र खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वळून म्हणाले, “तो काळा खड्डा मला साळूबाईनं सांगितला होता. त्या शनिवारीच. तेव्हा बॉयलर पेटवला नसता तर...” 

घरी पोचायला साडेपाच झाले. बन्सी तसाच बसला होता. रत्नमालानं त्याच्यापुढं बसून सगळं सांगितलं, सावकाश. औषध बदललं होतं. फेस क्षारांचा नव्हता. साहेबांनी सांगितलं तसंच तुम्ही चाललात. फळीवरच्या डब्याखालचा कागद काढून तिनं त्याच्यासमोर फाडला.

तिला वाटलं होतं, तो रडेल. सुटल्यासारखा श्वास टाकेल. तसं काही झालं नाही.

“अभयनं?” तो एवढंच म्हणाला. मग, “तरी पन नाक असतं तर मला कळलं असतं, माय. वास आला असता तर म्या वतलंच नसतं.”

“बाबा, ती तुमची चूक नाही.”

“चूक नाय. व्हय. पन गोकुळ तर गेलाच की.”

मनकर्णाबाई चुलीपाशी थिजून उभ्या होत्या. रत्नमालाला एकदम जाणवलं की जे शोधून काढलं, ते चौकशीला पुरलं. या खोलीला ते पुरणार नव्हतं. तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं. एकही पुरावा नाही, एकही शब्द नाही.

पडदा सरकला. सोनिया बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बापासमोर येऊन उभी राहिली, आणि बन्सीनं मान खाली घातली, मार खायला तयार असल्यासारखी.

सोनिया खाली बसली. त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

“बाबा,” ती म्हणाली. “त्या दिवशी तो सकाळी भांडला माझ्याशी. काईच न बोलता कामाला गेला. मग दुपारी तुमच्याशी काय बोलला त्यो? शेवटचं तुम्हीच बघितलं त्याला. अकरा दिवस झाले, मला इचारायचंय. तुमचं तोंड बघितलं की इचारवंना.”

बन्सीनं वर पाहिलं.  

“हसत आलता,” तो म्हणाला. “म्हनला, मामा, घरी सोनिया रुसलीय. जाताना तिला सांगा, मी पन रुसलोय, पन भाकर माझ्यासाठी ठिव म्हनावं.”

सोनियाच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की हसण्याचा, कुणालाच कळलं नाही. तिनं बापाचा हात धरला.

“आनखी सांगा,” ती म्हणाली. “सगळं सांगा.”

आणि बन्सी सांगू लागला.